खिम्यातले जिवाणू आणि किरणांची भीती

१९९३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या रुग्णालयांत रक्ताचे जुलाब होणारी लहान मुले एकामागून एक दाखल होऊ लागली. काहींची मूत्रपिंडे निकामी झाली. माग काढता काढता तो 'जॅक इन द बॉक्स' या साखळी उपाहारगृहांच्या हॅम्बर्गरपाशी पोहोचला. त्यातल्या गोमांसाच्या खिम्यात ई. कोलाय ओ-१५७ जातीचे जिवाणू होते आणि खिमा आतपर्यंत शिजलेला नव्हता. सातशेहून अधिक माणसे आजारी पडली, चार मुले दगावली. मांसाचा अखंड तुकडा असेल तर कत्तलीच्या वेळी लागलेली घाण आणि तिच्यातले जिवाणू वरच्या वर राहतात, तव्यावर पडताच मरतात. खिम्यात वरची बाजू आत जाते, शिवाय अनेक जनावरांचे मांस एकत्र होते. एका जनावराची घाण शेकडो पानांत वाढली जाते. या प्रकरणाने हादरलेल्या अमेरिकेत डिसेंबर १९९७ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने लाल मांसावर किरणांची प्रक्रिया करायला परवानगी दिली. डुकराच्या मांसाला ती १९८५ मध्ये आणि कोंबडीला १९९० मध्ये मिळालेली होतीच. २००० साली असा खिमा दुकानांत आला. त्याला पाव शतक होऊन गेले, तरी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मांसात त्याचा वाटा नगण्यच आहे. परवानगी आहे, यंत्रे आहेत, उपयोग सिद्ध झालेला आहे. पण गिऱ्हाईक किरणांना भिते आणि दुकानदार गिऱ्हाइकाला. ही भीती तपासून पाहिली तर ती सगळीच खोटी निघत नाही. मात्र ती बहुतांशी भलत्या ठिकाणी धरलेली आहे, असे माझे मत आहे. ताटातल्या तुकड्यात जो धोका शोधला जातो तो तिथे जवळजवळ नाही, आणि जिथे आहे तिथे आपले फारसे लक्ष जात नाही.

आधी ही प्रक्रिया काय असते ते पाहू. पाकीटबंद मांसाची खोकी जाड काँक्रीटच्या भिंती असलेल्या खोलीतून फिरवली जातात. आत पोलादी नळ्यांत बंद केलेला कोबाल्ट-६० असतो आणि त्याचे गॅमा किरण खोक्यांतून आरपार जातात. काही ठिकाणी कोबाल्टऐवजी विजेच्या यंत्रातून इलेक्ट्रॉनचा झोत किंवा क्ष-किरण सोडतात. किरणांनी जिवाणूंचा डीएनए तुटतो आणि त्यांची वाढ थांबते. मांसात किती ऊर्जा मुरली ते 'ग्रे' या एककात मोजतात. ओ-१५७ जिवाणूंना साधारण ०.३ किलोग्रे मात्रा मिळाली की दहातले नऊ मरतात. तिच्या पाचपट, म्हणजे दीड किलोग्रे दिली तर लाखात एखादाच उरतो. अमेरिकेने शीतकपाटात ठेवलेल्या लाल मांसासाठी ४.५ आणि गोठवलेल्या मांसासाठी ७ किलोग्रेची कमाल मर्यादा घातली आहे. १० किलोग्रे मात्रेतली सगळी ऊर्जा उष्णतेत बदलली तरी पाणी अडीच अंशही तापत नाही, म्हणून मांस कच्चेच राहते. राहिला प्रश्न मांस स्वतः किरणोत्सारी होण्याचा. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. अन्नातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांत बदल घडवायला ती पुरत नाही. यंत्राच्या झोतांवर ऊर्जेची कमाल मर्यादा घातली आहे तीही याच कारणाने. कोबाल्ट मांसाला शिवत नाही आणि किरण मांसात साठून राहत नाहीत. छातीचा एक्स-रे काढून बाहेर आलेल्या माणसाजवळ बसायला कोणी घाबरत नाही. या मांसाचे तसेच आहे.

मुंबईकरांच्या मनात मात्र किरणप्रक्रिया आणि किरणोत्सार या दोन गोष्टींची गल्लत होण्याला एक जुने कारण आहे. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर युरोपीय समुदायाच्या मदतीतून आलेले आयर्लंडचे लोणी मुंबईच्या दूधयोजनेत वापरले जाणार, यावरून मोठा वाद झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने एम. जी. के. मेनन, पी. के. अय्यंगार आणि जी. व्ही. के. राव यांची समिती नेमली आणि तिच्या अहवालावरून १९८८ मध्ये ते लोणी खाण्यास निर्धोक ठरले. तिथे शंका घेणे रास्तच होते, कारण अणुभट्टीतून उडालेली किरणोत्सारी द्रव्ये चाऱ्यातून गायीत आणि गायीतून लोण्यात येऊ शकतात. किती आली आहेत ते मोजल्याशिवाय निकाल लागत नाही. प्रक्रिया केलेल्या मांसात असे कोणतेही द्रव्य शिरत नाही, त्यामुळे चेर्नोबिलचा धडा त्याला लागू पडत नाही.

म्हणून जाणकार विरोधकही किरणोत्साराचा मुद्दा सोडून देतात आणि रसायनशास्त्राकडे वळतात. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. किरणांमुळे मांसातल्या पाण्यातून आणि चरबीतून मुक्त मूलके तयार होतात, त्यांतून नवी संयुगे बनतात. ती पोटात गेल्यावर काय करतील? पहिले उत्तर असे की तळणे, भाजणे, धुरावणे यांनीही नवी संयुगे बनतात आणि फार जास्त बनतात. निखाऱ्यावर चरबी ठिबकली की बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक म्हणून ओळखली जाणारी द्रव्ये कबाबावर बसतात. कबाबाला मान्यता देण्यापूर्वी कोणी उंदरांना तो पिढ्यान्‌पिढ्या खाऊ घालून पाहिला नव्हता. किरणांच्या बाबतीत ते केले गेले. पण एवढ्याने समाधान मानू नये. भाजलेल्या मांसात काही वाईट आहे म्हणून दुसऱ्या मांसातले वाईट चालते, असे होत नाही. किरणांनीच बनणारी काही खास संयुगे खरोखर आहेत. चरबीतल्या मेदाम्लांपासून अल्किलसायक्लोब्युटेनोन नावाच्या संयुगांचा एक गट तयार होतो. तो इतका वैशिष्ट्यपूर्ण आहे की मांसावर किरणांची प्रक्रिया झाली आहे का, हे ओळखण्याची युरोपातली प्रमाणित चाचणी त्याच्यावरच उभी आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी हीच संयुगे काजू आणि जायफळात नैसर्गिकरीत्या सापडल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध केले होते. ते निर्विवाद ठरले असते तर प्रश्नच मिटला असता. पण नंतर इतरांना ती तशी आढळली नाहीत, म्हणून या युक्तिवादात त्या निष्कर्षावर भार देणे मला योग्य वाटत नाही.

या संयुगांविरुद्धचा सर्वांत गंभीर पुरावा २००२ च्या सुमारास स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी मांडला. उंदरांना आतड्याचा कर्करोग घडवणारे एक रसायन टोचले आणि त्यांतल्या काहींच्या पिण्याच्या पाण्यात ही शुद्ध संयुगे मिसळली. त्या उंदरांत गाठी जास्त झाल्या. विरोधकांच्या प्रत्येक पत्रकात हा प्रयोग असतो. त्यात जे सांगितले जात नाही ते असे की संयुगाने एकट्याने कर्करोग घडवला नव्हता. आधी दिलेल्या रसायनाच्या परिणामात त्याने भर घातली होती. आणि उंदराला त्याच्या वजनाच्या मानाने मिळालेली मात्रा प्रक्रिया केलेले मांस रोज खाणाऱ्या माणसाच्या वाट्याला येईल तिच्या शेकडो पट होती. हा प्रयोग दुर्लक्षून चालणार नव्हते आणि ते झालेही नाही. युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने त्याच वर्षी आणि युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये तो तपासला, पण त्यावरून माणसाच्या आरोग्याला धोका असल्याचा निष्कर्ष काढला नाही. ज्या युरोपीय संघात किरणांबद्दल जनमत सर्वांत साशंक आहे आणि संघभर मान्यता फक्त वाळवलेल्या मसाल्यांना व सुगंधी वनस्पतींना आहे, तिथली ही तपासणी आहे. तिथल्या शास्त्रज्ञांवर उद्योगाच्या बाजूने झुकल्याचा आरोप करणे अवघड आहे.

सबंध मांस खाऊ घालून केलेल्या प्रयोगांचा इतिहास मात्र स्वच्छ नाही, आणि तो लपवण्याचे कारणही नाही. अमेरिकी लष्कराला शीतकपाटाशिवाय टिकणारे मांस हवे होते, म्हणून सुरुवातीचे बरेचसे संशोधन त्याच्या पैशावर झाले. १९६३ मध्ये किरणांनी निर्जंतुक केलेल्या बेकनला परवानगी मिळाली. १९६८ मध्ये लष्कराची आकडेवारी अपुरी आणि सदोष ठरवून ती काढून घेतली गेली. पुढे लष्कराने 'इंडस्ट्रियल बायो-टेस्ट' या खासगी प्रयोगशाळेला काम दिले. ही प्रयोगशाळा खोट्या नोंदी करत असल्याचे उघड झाले आणि १९८३ मध्ये तिच्या अधिकाऱ्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आले. विरोधक इथे थांबतात, पण गोष्ट इथे संपत नाही. ते प्रयोग बाद धरले गेले आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत नव्याने काम झाले. त्यासाठी सुमारे १३४ टन कोंबडीचे मांस वापरले. एक भाग नुसता गोठवलेला, एक उष्णतेने निर्जंतुक केलेला, एक गॅमा किरणांचा आणि एक इलेक्ट्रॉनचा, असे चार आहार करून उंदीर, कुत्रे यांना दीर्घकाळ, काहींना पिढ्यान्‌पिढ्या, खाऊ घातले. किरणांची मात्रा ४५ किलोग्रेहून अधिक, म्हणजे आज बाजारातल्या मांसाला मिळते तिच्या दहापटीच्या घरात होती. सस्तन प्राण्यांत प्रक्रियेमुळे झालेला अपाय आढळला नाही. गॅमा किरणांच्या मांसावर वाढवलेल्या फळमाश्यांची प्रजा मात्र घटली आणि त्याचे कारण उलगडले नाही. ही नोंद संशोधकांनी स्वतःच निबंधात केली आहे. अडचणीचा निष्कर्ष दडवला गेला नाही, म्हणून बाकीच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवायला मला जास्त बळ मिळते. १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने सरासरी १० किलोग्रेपर्यंत प्रक्रिया केलेले कोणतेही अन्न विषारीपणाच्या दृष्टीने निर्धोक ठरवले. १९९९ च्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेने त्याहून मोठ्या मात्रांबद्दलही तोच निर्वाळा दिला.

या वादाचे एक प्रकरण भारतात घडले आहे आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कुपोषित मुलांना नुकतीच किरणप्रक्रिया केलेल्या गव्हाचा आहार दिला, तेव्हा त्यांच्या रक्तात गुणसूत्रांचे जादा संच असलेल्या पेशी आढळल्या, असे त्यात म्हटले होते. जगभर खळबळ उडाली. अजूनही हा निबंध दाखल्यासाठी काढला जातो. ट्रॉम्बेच्या प्रयोगांत असे काहीच दिसले नव्हते. एका सरकारी संस्थेचे म्हणणे दुसरीने खोडून काढायचे, असा तो पेच होता. केंद्र सरकारने आनुवंशशास्त्रज्ञ पी. सी. केसवन आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, अन्न व कृषी संघटनेत काम केलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याकडे दोन्हीकडची मूळ आकडेवारी तपासायला दिली. १९७६ च्या त्यांच्या अहवालाने हैदराबादचे निष्कर्ष आकडेवारीतून निघत नसल्याचे सांगितले. प्रत्येक गटात मुले होती अवघी पाच. शिवाय साधा गहू खाणाऱ्या मुलांत अशी एकही पेशी सापडली नव्हती, आणि इथेच गोम होती. अशा थोड्या पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. तुलनेचा गटच शून्यावर असेल तर दुसऱ्या गटातली मूठभर पेशीही प्रचंड वाढ वाटते. पुढे चीनमध्ये सुमारे चारशे स्वयंसेवकांना असे अन्न खाऊ घालून तपासले, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. शंका आली म्हणून कोणाचे तोंड बंद केले नाही, कागद मागवून हिशेब तपासला. हे इतक्या नीटपणे आपल्याकडे दर वेळी होत नाही.

मग ऑस्ट्रेलियातल्या मांजरांचे काय? हा आक्षेप अलीकडचा आहे आणि तो उडवून लावता येत नाही. २००८-०९ मध्ये तिथे अनेक मांजरांचे मागचे पाय लुळे पडू लागले. आयात केलेले कोरडे मांजरखाद्य त्यांच्या पोटात गेले होते आणि रोगजंतू देशात येऊ नयेत म्हणून बंदरावर त्यावर ५० किलोग्रेहून अधिक मात्रेची प्रक्रिया झाली होती. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाने मांजरखाद्यावरच्या या प्रक्रियेला बंदी घातली. कारण अजून पुरते स्पष्ट नाही. जीवनसत्त्व अ चा नाश आणि चरबीचे विघटन यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. इथे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: मात्रा दहापटीहून अधिक, खाद्य कोरडे व चरबीयुक्त, आणि महिनोन्‌महिने तेच एक अन्न. माणूस एकाच पाकिटावर जगत नाही. तरीही या घटनेतून मी एक गोष्ट घेतो. 'कोणतीही मात्रा चालते' असे सरसकट म्हणणाऱ्या उत्साही समर्थकांपेक्षा, प्रत्येक अन्नासाठी कमाल मर्यादा ठरवणारा कायदा शहाणा आहे. मिठापासून औषधापर्यंत सगळ्याची सुरक्षितता प्रमाणावर ठरते, तशीच याचीही.

पोषणाच्या आक्षेपावर फार थांबायला नको. मांसातले थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, किरणांना सर्वांत हळवे. अमेरिकेतल्या सगळ्या डुकराच्या मांसावर प्रक्रिया केली तरी लोकांच्या एकूण आहारातले थायमिन २.३ टक्क्यांनी घटेल, असा हिशेब तिथे मांडला गेला. प्रथिनांना आणि लोहाला या मात्रांत लक्षात येण्याजोगा धक्का बसत नाही. चवीची तक्रार मात्र खरी आहे. मात्रा जास्त झाली किंवा मांस उघड्या हवेत राहिले तर ओल्या केसांसारखा वास येतो, कोंबडीवर गुलाबी छटा चढते. गोठवून आणि हवाबंद करून प्रक्रिया केली तर हे बरेच टळते. हा दोष गिऱ्हाइकाने नाकारण्यासारखा असला तरी घाबरण्यासारखा नाही. हाडातला मगज दान घेतलेल्या, प्रतिकारशक्ती शून्यावर आलेल्या रुग्णांना सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात १९७४ पासून किरणांनी निर्जंतुक केलेले अन्न दिले जात होते, आणि १९७२ च्या अपोलो-१७ मध्ये अंतराळवीरांच्या शिदोरीत असे हॅम होते. ज्यांना पोट बिघडणे परवडणारच नाही त्यांच्यासाठी ही पद्धत आधी निवडली गेली.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तो शास्त्राचा नाही, व्यवहाराचा आहे. कत्तलखान्यात शेण मांसाला लागू द्यायचे आणि शेवटी किरणांनी ते निर्जंतुक करायचे; निर्जंतुक झाले तरी ते शेणच. उद्योगाला स्वच्छतेवरचा खर्च वाचवायला हे आयते साधन मिळेल, अशी भीती अमेरिकेतल्या ग्राहक संघटनांनी सातत्याने मांडली आहे. ही भीती मला रास्त वाटते. ज्या धंद्यात पट्ट्याचा वेग वाढवला की नफा वाढतो, तिथे पुढे सगळे मरणारच आहे म्हटल्यावर हात सैल पडणार. किरणांना मर्यादाही आहेत. जिवाणूंनी आधीच सोडलेले विष त्यांनी नाहीसे होत नाही, विषाणू पुष्कळदा तगतात आणि बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू मांसाच्या नेहमीच्या मात्रांत मरत नाहीत. सडू लागलेले मांस त्यांनी ताजे होत नाही. पण नेमका हाच आक्षेप शंभर वर्षांपूर्वी दुधाच्या पाश्चरीकरणावर घेतला गेला होता. घाणेरड्या गोठ्यांना पांघरूण मिळेल, दुधातले सत्त्व जाईल, असे तेव्हाचे चांगले डॉक्टरही सांगत. पाश्चरीकरण आले आणि गोठ्यांची तपासणीही राहिली, कारण कायद्याने दोन्ही मागितले. कच्च्या दुधाच्या क्षयाने आणि विषमज्वराने मरणाऱ्या मुलांना 'आधी गोठे सुधारू, मग बघू' असे सांगितले गेले नाही, हे बरेच झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातले रॉबर्ट टॉक्स यांनी २००१ मध्ये मांडलेला अंदाज असा होता की तिथला निम्मा खिमा, कोंबडी, डुकराचे मांस आणि तयार मांसपदार्थ किरणांखालून गेले तर वर्षाला सुमारे नऊ लाख संसर्ग आणि ३५० मृत्यू टळतील. अंदाज पुढेमागे होईल, निम्माच खरा निघेल; तरी दुसऱ्या पारड्यात ठेवायला विरोधकांकडे माणसाच्या आजारपणाची एकही पक्की नोंद नाही.

भीती धरायचीच असेल तर ती प्रकल्पाच्या दाराशी धरावी. एल साल्वादोरमधल्या सॅन साल्वादोर इथे १९८९ मध्ये वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणाऱ्या कोबाल्ट प्रकल्पात यंत्र अडकले म्हणून कामगार आत गेले. सुरक्षेच्या कड्या आधीच निकामी होत्या. तिघांना जबर मात्रा मिळाली, एक मरण पावला. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातले वर्षानुवर्षे पडून असलेले गॅमा किरणांचे उपकरण लिलावात मायापुरीच्या भंगार बाजारात गेले. तिथे ते फोडले गेले, त्यातल्या कोबाल्टने कामगार भाजले, एकाचा जीव गेला. ते उपकरण अन्नासाठी नव्हते, पण वस्तू तीच होती. कोबाल्टचा स्रोत बटण दाबून बंद करता येत नाही. त्याची क्रियाशीलता सव्वापाच वर्षांनी निम्मी होते आणि तो शेवटपर्यंत कोणाच्या तरी ताब्यात राहावा लागतो. किरणांनी माणसे मेल्याची उदाहरणे आहेत ती अशी, आणि त्यांच्यातले कोणी काही खाऊन मेलेले नाही. म्हणून मांसासाठी नवे प्रकल्प उभे राहणार असतील तर इलेक्ट्रॉन यंत्रांना प्राधान्य द्यावे. ती महाग पडतात आणि त्यांचा झोत फार खोल जात नाही, त्यामुळे जाड खोकी चालत नाहीत. पण वीज तोडली की किरण थांबतात.

महाराष्ट्रात हे तंत्र परके नाही. नवी मुंबईत वाशीला मसाल्यांसाठीचा प्रकल्प २००० पासून चालतो. लासलगावचे 'कृषक' केंद्र कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून २००२ मध्ये उभे राहिले आणि २००७ मध्ये अमेरिकेला पहिल्यांदा गेलेला हापूस तिथूनच ४०० ग्रे मात्रा घेऊन गेला. न्यू जर्सीतली मराठी घरे तेव्हापासून किरणप्रक्रिया झालेला आंबा कौतुकाने खात आली आहेत. मांस आणि कोंबडीला भारतात १९९८ पासून परवानगी आहे. तिचा उपयोग जवळपास झालेला नाही, आणि त्याला भीतीइतकेच आपल्या बाजाराचे रूपही कारणीभूत आहे. आपल्याकडे कोंबडी डोळ्यांदेखत कापून घेतात, मटण टांगलेल्या बोकडाचे तोडून मिळते. किरणांचा फायदा पाकीट बंद झाल्यावरच टिकतो. उघड्या ओट्यावर तो तासाभरात वाया जाईल. शिवाय आपली सागुती किंवा रस्सा रटरटून शिजतो, त्यामुळे शिजलेल्या मांसातून बाधा होण्याचा संभव अमेरिकी हॅम्बर्गरपेक्षा कमी. बाधा होते ती वेगळ्या वाटेने: कोंबडी कापलेल्या विळीवर नंतर काकडी चिरली जाते, मांस धुताना उडालेले पाणी कोशिंबिरीच्या भांड्यात पडते. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू असे पानात येतात. कच्चे मांसच निर्जंतुक असेल तर ही वाट बंद होते. गोठवलेला खिमा, कबाब, सॉसेज, शीतपेटीतून घरी येणारे पाकीटबंद चिकन यांचा खप शहरांत वाढतो आहे आणि प्रक्रियेला जागा आहे ती तिथे. रुग्णालयांच्या आणि वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांपासून सुरुवात झाली तर उत्तम, कारण तिथे एका चुकीने शंभर माणसे आडवी होतात.

अट एकच, आणि ती ढिली करू नये. पाकिटावर किरणप्रक्रियेचे हिरवे 'रॅड्युरा' चिन्ह आणि किरणांनी प्रक्रिया केल्याचा स्पष्ट उल्लेख, तोही मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत, असला पाहिजे. अमेरिकेत उद्योगाने लोकांच्या भीतीवर उपाय म्हणून शब्दच बदलून मागितला; 'किरण' काढून 'पाश्चराइज्ड' लिहू द्या, असा प्रयत्न झाला आणि २००७ मध्ये तिथल्या प्रशासनाने लेबलाचे नियम सैल करण्याचा मसुदाही काढला. याहून आत्मघातकी कल्पना सुचणे कठीण. वस्तू सुरक्षित असताना ती लपवून विकली की लपवण्याचा शोध लागतो आणि मग सुरक्षिततेवर कोणी विश्वास ठेवत नाही. २००४ पासून अमेरिकी शाळांच्या जेवणात असा खिमा घेता येऊ लागला, तेव्हा मुलांना काय वाढले जाते हे आपल्याला कळणार नाही, असाही पालकांचा आक्षेप होता. तिथल्या उपाहारगृहांवर तर सांगण्याचे बंधनच नाही. आपण ते घालावे. पदार्थसूचीत एक ओळ छापायला खर्च येत नाही. मांसाच्या हाडावरून आणि चरबीवरून प्रक्रिया ओळखण्याच्या चाचण्या आहेत, त्यामुळे खोटे लेबल पकडता येते. मात्र त्यासाठी आपल्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळांत ती सोय आणि नमुने आणणारी माणसे दोन्ही लागतील. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानाला मात्र यातले काहीच उपयोगाचे नाही. तिथे वाहते पाणी, झाकलेला ओटा आणि वेगळी सुरी लागते, आणि ती पाहायला वर्षातून एकदा तरी कोणी निरीक्षक यावा लागतो.